सासूबाईंच्या टोमॅटोची जबाबदारी

टोमॅटोच्या रोपाला हात लावण्याआधी आंघोळ करावी, चपला बाहेर काढाव्यात आणि त्या दिवशी मासे खाल्ले असतील तर रोपाकडे लांबूनच बघावं, असं कुठल्याही शेतकी पुस्तकात लिहिलेलं नसावं. पण माझ्या सासऱ्यांनी तसं सांगितलं होतं, आणि माझे सासरे जे सांगतात ते मी करतो. ते कधी ओरडत नाहीत. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यांनी मला एकदाही अरेतुरे केलेलं नाही. 'प्रफुल्लराव, तुमी' अशी सुरुवात करतात आणि पुढे गप्प बसतात. ओरडणाऱ्या माणसाची सवय होते, गप्प बसणाऱ्याची होत नाही.

त्यांचं नाव पुंडलिक राऊत. सफाळ्याजवळच्या माकुणसारला त्यांनी चाळीस वर्षं पानवेलीची वाडी केली. पानवेलीच्या वाडीत शिरायचं ते आंघोळ करून आणि अनवाणी, हा त्यांच्या घरचा रिवाज. पुढे पानाचा धंदा बसला, वेली गेल्या, पण रिवाज तसाच राहिला. तो त्यांनी भेंडी, वांगी, मिरची अशा सगळ्यांना सरसकट लागू केला. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या वाडीत गेलो तो बूट घालून. ते काही बोलले नाहीत. फक्त माझ्या बुटांकडे बघत राहिले. मी त्यांना घाबरतो तो तेव्हापासून.

अशा माणसाने दिवाळीनंतरच्या एका सकाळी बोईसरला आमच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन तेलाचा एक मोठा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. डब्यात माती होती, मातीत एक काठी होती आणि काठीला केळीच्या सोपाने, म्हणजे वाळक्या सालीच्या पट्टीने, बांधलेलं कमरेएवढं टोमॅटोचं रोप होतं. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. महिनाभर वाकायचं नाही आणि मातीत हात घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"दीपिकाला नको," ते म्हणाले. "तुमी बघा."

दीपिका म्हणजे माझी बायको आणि त्यांची सख्खी मुलगी. ती शेजारीच उभी होती. तिचा चेहरा पडला आणि मला घाम फुटला.

रोप साधं असतं तर घाम फुटला नसता. पण ते सासूबाईंचं होतं. जमनाबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बारा वर्षांपूर्वी कुठून तरी एक टोमॅटोचं रोप आणलं, आणि त्यानंतर त्यांनी टोमॅटोचं बी कधी पेरलं नाही. टोमॅटोच्या खोडाला पान जिथे फुटतं तिथे बगलेतून एक कोंब येतो. बाकीचे लोक तो खुडून टाकून देतात. सासूबाई तो पाण्यात ठेवायच्या, मुळं धरली की मातीत लावायच्या. पुढे त्या रोपाच्या बगलेतला कोंब, मग त्याच्या बगलेतला. बियाणं बदललं की चव बदलते, पण कोंबाचं रोप म्हणजे तेच रोप पुढे चालू राहतं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे हिशेबाने ते बारा वर्षांचं एकच रोप होतं. गेल्या ज्येष्ठात सासूबाई गेल्या. त्यांच्या हातची एवढीच एक जिवंत गोष्ट मागे राहिली होती आणि ती आता माझ्या बाल्कनीत होती.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी बोईसरच्या एका कारखान्यात सेफ्टी विभागात आहे. 'हेल्मेट घाला', 'येथे धावू नये', 'पायरी बघा' हे फलक ठिकठिकाणी लावणं आणि लोक ते वाचत नाहीत याची नोंद करणं, हे माझं काम. घरातून निघताना गॅसचं बटण मी तीनदा बघतो. याला दीपिका भित्रेपणा म्हणते, आमच्या खात्यात कार्यपद्धती म्हणतात. त्यामुळे रोप आल्याच्या संध्याकाळी मी रोपाभोवती पिवळी पट्टी ओढली, भिंतीवर तक्ता चिकटवला आणि पाणी, ऊन, कीड, वारा असे रकाने आखले. दीपिकाने तो तक्ता पाहिला आणि काही न बोलता आत गेली. ती सासऱ्यांचीच मुलगी आहे.

रोज संध्याकाळी सात वाजता सासऱ्यांचा फोन यायचा. ते एक प्रश्न विचारायचे आणि मी चार विचारायचो. खालचं एक पान पिवळं पडलंय, चालेल का. एक मुंगी दिसली, एकच आहे, चालेल का. समोरच्या इमारतीची सावली साडेतीनला येते, डबा सरकवू का. सरकवला तर रोपाला राग येईल का. सासरे सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या." पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं की बगलेतले कोंब खुडत जा, एखादा ठेवा. माझी हिंमत झाली नाही. कोणता ठेवायचा आणि कोणता खुडायचा हे ठरवणारा मी कोण? मी आठच्या आठ कोंब तसेच वाढू दिले आणि फोनवर 'हो हो' म्हटलं.

सहाव्या दिवशी, शनिवारी, सासरे फोनवर म्हणाले, "काठीच्या वर गेला असंल आता. उद्या उतरवून घ्या."

पानवेल वर्षातून एकदा उतरवतात. वर चढलेला वेल सोडवायचा, हळूहळू खाली घ्यायचा, खालचा उघडा दांडा गुंडाळून मातीत पुरायचा आणि शेंडा पुन्हा आधारावर चढवायचा. पुरलेल्या दांड्याला मुळं फुटतात आणि वेल नव्याने जोर धरतो. सासऱ्यांनी आयुष्यभर हे केलं, त्यामुळे टोमॅटोही त्याच पद्धतीने उतरतो हे त्यांच्या दृष्टीने उघड होतं. उतरतोही, हे मला नंतर समजलं. फक्त कधी उतरवायचा ते त्यांनी सांगितलं नाही, कारण जे सगळ्यांना ठाऊकच असतं ते कोण सांगतं?

रविवारी सकाळी मी आंघोळ केली. घरात मासे शिजू दिले नाहीत. आता या रोपाची मोठी शस्त्रक्रिया होणार, तर त्याला अशक्तपणा येऊ नये म्हणून पहाटेच दोन तांबे पाणी पाजलं. मग केळीचे सोप सोडले, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि श्वास रोखून खाली वाकवला.

कट्, असा आवाज आला. फार मोठा नाही, काकडी मोडल्यासारखा. मातीच्या दोन बोटं वर दांडा सरळ तुटला होता, आणि सासूबाईंचं बारा वर्षांचं रोप माझ्या हातात होतं.

पुढची काही मिनिटं मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. दीपिका सांगते की मी भिंतीवरच्या तक्त्यात 'वारा' या रकान्यात काही तरी लिहीत होतो. मग ती बाल्कनीच्या दारात आली. तिने माझ्या हातात बघितलं. मी म्हणालो, "मी पाणी घातलं होतं." याहून मूर्ख वाक्य त्या वेळी सुचणं शक्य नव्हतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ते रोप माझ्या हातातून घेतलं, एक पान बोटांत चुरडलं आणि नाकाशी धरलं. टोमॅटोच्या पानाचा हिरवट, उग्र वास बोटांना बराच वेळ राहतो. "आईच्या हाताला असाच वास यायचा," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्याच्या खाली भीतीही होतीच. सात वाजता फोन येणार होता.

तेवढ्यात शकूमावशी आली. ती किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून मासे घेऊन आमच्या इमारतीत दर रविवारी येते, आणि दार उघडं दिसलं की पाटी घेऊन थेट आत येते. तिने एका नजरेत सगळं ओळखलं.

"सकालचा वाकवला काय? आणि पाणी पाजलेलं?" तिने विचारलं. "अरे बाबा, पाणी पिऊन टम्म झालेला दांडा तो. दुपारी उन्हात मऊ पडतो, तवा वाकवायचा. एवढं पण तुला कोन बोलला नाय?"

कोणी बोललं नव्हतं. पण शकूमावशीने पाटी खाली ठेवली आणि पुढचं सांगितलं. शेंडा कापून घे, बगलेतले कोंब एक एक करून काढ, प्रत्येकाला वरची दोन पानं ठेव, बाकीची काढून टाक आणि पाण्यात उभे कर. "पानं लय ठेवलीस तर सगळं पाणी वरच पितील. मग मूळ कशाला धरील तो?"

एक शेंडा आणि आठ कोंब असे नऊ तुकडे झाले. मी ते खुडले नव्हते म्हणून आठ होते, हा विचार मला त्या वेळी सुचला नाही. नऊ काचेचे पेले बाल्कनीच्या कठड्यालगत रांगेत उभे राहिले. डब्यात उरलेल्या दोन बोटांच्या खुंटाला मी हळद लावली, वर कापूस ठेवला, पाणी घातलं, परत पाणी घातलं, आणि तिसऱ्या दिवशी तो कुजला.

"बाबांना यातलं काही सांगायचं नाही," दीपिका म्हणाली. "डोळ्याला टाके आहेत त्यांच्या. रडले तर?"

सासरे रडतील ही शक्यता माझ्या डोक्यात आलीच नव्हती. मला फक्त ते गप्प बसलेले दिसत होते. सात वाजता फोन वाजला. "उतरवला?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "उतरवला." हे शब्दशः खरं होतं. ते "बरं" म्हणाले आणि फोन बंद झाला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

संकटात सापडलेल्या माणसाला सल्ले मिळतात हे मी ऐकून होतो, पण ते इतके मिळतात याची कल्पना नव्हती. आमच्या कारखान्याच्या लॅबमध्ये निमेश नावाचा केमिस्ट आहे. त्याने सांगितलं की मुळं फुटण्यासाठी पावडर मिळते, ती लाव. मी पालघरला खतं-औषधांच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने विचारलं, "किती एकर?"

मी म्हणालो, "पेले आहेत."

त्याने पावतीपुस्तक उघडलं आणि विचारलं, "सातबारा कोणाच्या नावावर?"

"बाल्कनी बायकोच्या नावावर आहे," मी म्हणालो, आणि मागे उभे असलेले दोन खरेखुरे शेतकरी थोडे बाजूला सरकले. शेवटी एका पाकिटावर आमची सुटका झाली. ते पाकीट दोन एकर उसाला पुरलं असतं.

निमेशने लॅबच्या काट्यावर पावडर मोजून दिली आणि बजावलं की एवढीच, याच्यावर एक कण नको. तीन कोंबांना लावताना मला वाटलं की काटा थोडा कमी दाखवत असेल. भीतीपोटी मी प्रत्येकाला एक चिमूट जास्त लावली. दोन दिवसांत त्या तिघांचे दांडे खालून काळे पडले. कारखान्यात असं काही घडलं की आम्ही मूळ कारणाचा शोध घेतो, पाच वेळा 'का' विचारतो. मी एकदाच विचारलं आणि उत्तर मिळाल्यावर थांबलो. उरले सहा.

शकूमावशी पुढच्या फेरीला आली तेव्हा तिने सुक्या बोंबलांचं धुवण घालायला सांगितलं. "आमच्या परसात मिरचीला घालतो. बघ कशी फुटतात ती." सासऱ्यांच्या शास्त्राप्रमाणे मासे खाल्लेला माणूससुद्धा रोपाजवळ जात नाही, आणि इथे रोपालाच मासे पाजायचे. मी घाबरत घाबरत एकाच पेल्यात घातलं. दुपारी इमारतीतलं मांजर आलं. त्याने पेला पाडला, पाणी चाटलं आणि कोंब तोंडात धरून जिन्याने खाली गेलं. उरले पाच.

कोंब गेला, पण वास राहिला. आमच्या खालच्या मजल्यावर मेहुलभाई राहतात. ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि कांदासुद्धा खात नाहीत. संध्याकाळी ते नाकाला रुमाल लावून वर आले, बाल्कनीत डोकावले आणि त्यांचं लक्ष वासावरून पेल्यांवर गेलं.

"प्रफुल्लभाई, नोटीस वाचली ने? कुंडीमधे, डब्यामधे, क्यांय पण साठलेलं पाणी नाय पाहिजे. डेंग्यूचा सीझन छे. आणि तुम्ही तो लाइन लावून ठेवलं छे."

नोटीस मी वाचली होती. नोटीस मीच लिहून दिली होती, कारण सोसायटीत असली कामं सेफ्टीवाल्याकडे येतात. 'साठलेले पाणी म्हणजे मृत्यूला निमंत्रण' हे वाक्य माझं होतं. मेहुलभाईंनी ते मला पाठ म्हणून दाखवलं आणि सांगितलं की उद्या सकाळी तपासणीला आरोग्यसेविका येणार आहे, पाणी ओतून टाका.

मी ओतलं नाही. आयुष्यात मी एकही नोटीस मोडलेली नव्हती, आणि मोडली ती स्वतःची. मी पाच पेले बाथरूममध्ये, बादलीच्या मागे लपवले, सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो. आता मागे वळून पाहता हे संशयास्पद दिसत होतं हे मी मान्य करतो.

आरोग्यसेविकेचं नाव सपना. बेटेगावची, सडपातळ, गळ्यात ओळखपत्र आणि हातात बॅटरी. तिच्या मागे मेहुलभाई. तिने स्वयंपाकघर बघितलं, फ्रिजच्या मागचा ट्रे बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"काका, उठता काय?"

मी उठलो. तिने बादली सरकवली, पाच पेले एक एक करून उजेडात धरले आणि चौथ्याला थांबली. बॅटरी लावली. पाण्यात, दांड्याच्या टोकाशी, पांढरं, केसासारखं बारीक काही तरी होतं. अळी. माझ्या घरात, माझ्या नोटिशीखाली, डेंग्यूची अळी. मला सोसायटीच्या फलकावर माझं नाव दिसायला लागलं. मेहुलभाई दोन पावलं मागे सरले.

"ताई," मी म्हणालो, "हवं तर मला घेऊन जा, पण पाणी ओतू नका. हे सासूबाईंचं आहे."

सपनाने पेला हलवला. पांढरा केस हलला नाही. तिने पुन्हा हलवला.

"अळी असती तर पळाली असती," ती म्हणाली. "मूळ हाय हे, काका. तुमचा कोंब लागला."

मी पेला तिच्या हातातून घेतला आणि बघतच राहिलो. मी रडलो असं मेहुलभाई सगळ्यांना सांगतात. ते खरं आहे. सपनाने वहीत नोंद केली, रोज पाणी बदलण्याची ताकीद दिली आणि मग हळूच विचारलं की एखादा कोंब पुढे जास्तीचा झाला तर मिळेल का. दोन दिवसांत बाकी चौघांनाही मुळं फुटली. दहाव्या दिवशी मी पाचही रोपं मातीत लावली, चार कापलेल्या बाटल्यांमध्ये आणि सगळ्यांत दांडगं सासऱ्यांच्या डब्यात. आंघोळ करून, अनवाणी.

आता उरला होता तो उंचीचा प्रश्न. सासऱ्यांनी कमरेएवढं रोप दिलं होतं आणि डब्यात वीतभर रोप होतं. यावर मी विचार करून उत्तर तयार ठेवलं: बाकीचा दांडा उतरवून पुरला आहे, म्हणून बुटकं दिसतं. उत्तर मी आरशासमोर म्हणून बघितलं. फोनवर मात्र मी फारच पुढे गेलो होतो. एकदा खोटं बोलायला लागलं की माणूस हात आखडता घेत नाही. पहिल्या आठवड्यात 'छान आहे', दुसऱ्यात 'फूल आलं', आणि शेवटी 'तीन फुलं, बाबा, पिवळीधमक.' सासरे म्हणायचे, "बरं." ते अजून दहा दिवसांनी येणार होते, आणि तेवढ्यात तीन फुलं येतील अशी मला आशा होती.

ते त्या रविवारीच आले. न कळवता, दुपारी बारा वाजता, काळा चष्मा लावून. तव्यावर सुरमई होती. दीपिकाने दार उघडलं आणि "बाबा?" म्हणून तिथेच थांबली. मी हातातला घास खाली ठेवला. काळ्या चष्म्यामुळे ते कुठे बघतायत हेही कळत नव्हतं. आजवर निदान तेवढं तरी कळायचं.

ते सरळ बाल्कनीकडे गेले. दाराशी चपला काढल्या आणि उंबऱ्यावरच थांबले, आत पाऊल टाकलं नाही. घरात मासे शिजतायत म्हणून थांबले असणार, असं मला वाटलं, आणि मी आणखी खचलो. मी मागे उभा राहिलो. उत्तर तोंडात तयार होतं.

"प्रफुल्लराव," ते म्हणाले, "तुमी..."

आणि गप्प बसले.

मी सगळं सांगितलं. उतरवलं तेव्हाचं, पाणी पाजल्याचं, पावडरीचं, मांजराचं, बाथरूमचं, फुलांचंही. "एकही फूल नाही, बाबा," मी म्हणालो, "फुलं मी मनाने लावली." क्रम चुकला असेल, पण काही लपवून ठेवलं नाही. दीपिका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तव्यावरची सुरमई करपत होती आणि कोणी तिकडे गेलं नाही.

सासऱ्यांनी बोटाने हवेत मोजलं. "पाच लागले?"

"पाच."

"माझे अकरा मेले," ते म्हणाले.

मला कळलं नाही. ते उंबऱ्यातच खाली बसले, हळूच, मान सरळ ठेवून, डॉक्टरांनी सांगितल्यासारखे. "जमना गेल्यावर कोंब लावायला घेतले. नवरात्रापर्यंत अकरा लावले. सगळे कुजले. वेलीचा हात हाय माझा, वेल कसा पण वागवला तरी चालतं. हा नाजूक. ती करायची तवा मी कदी बघितलंच नाय." त्यांनी चष्मा नीट केला. "शेवटी तिच्या हातचा हा एक ऱ्हायला. त्याच्याजवळ जायला पण भ्यायला लागलो. पाणी घालू तरी भीती, नाय घालू तरी भीती. डोळ्याचं काम पुडच्या साली पण झालं असतं. मीच डॉक्टरला बोललो, आताच करा."

"मग मला का दिलं?" मी विचारलं.

"दीपिका धाडसी हाय. उपटून दुसरीकडं लावली असती. तिचा भाऊ विसरला असता." सासऱ्यांनी चष्मा माझ्या दिशेने वळवला. "तुमी घाबरट. लग्नाआदी बूट काढताना तुमचे हात कसे कापत होते ते बघितलंय मी. घाबरट मानूस रोज बघतो. दहा येळा बघतो. मरू देत नाय."

चौदा वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे एकमेव कौतुक, आणि ते असं होतं. मला राग यावा की आनंद व्हावा हे मी ठरवत होतो, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की ते दहा दिवस आधी आले होते.

"तुम्हाला कळलं कसं, बाबा? तुटल्याचं?"

"पयले सहा दिवस तुमी रोज मला चार प्रश्न विचारले. सातव्या दिवशी एक पण नाय. सगळं ठीक हाय बोललात. तवाच समजलं." ते उठायला लागले तसा मी हात दिला, आणि त्यांनी तो धरला. "पंधरा दिवस दम काढला. मग नाय ऱ्हावलं."

ते करपलेली सुरमई जेवले. जाताना, माशांचा रिवाज बाजूला ठेवून, पाचांतलं एक रोप घेऊन गेले, मधलं, फार मोठं नाही आणि फार लहान नाही. रिक्षात बसताना ते दोन्ही हातांत असं धरलं होतं की मला रिक्षावाल्याला हळू चालव म्हणून सांगावं लागलं. एक सपनाला दिलं. आमच्याकडे तीन आहेत, आणि कालपासून एकाला खरोखरचं फूल आहे.

आता संध्याकाळी सात वाजता फोन मी करतो. सासरे मला प्रश्न विचारतात. खालचं पान वळलंय, चालंल का. कोंबडी जवळून गेली, काय करू. मी तक्ता समोर ठेवून उत्तरं देतो. पहिल्या दिवशी त्यांनी तीन प्रश्न विचारले, मग पाच, मग एकदा दुपारीच फोन करून सात विचारले. मला त्यांची इतकी भीती वाटायची हे आता दीपिकाला खोटं वाटतं.

काल मी नेहमीसारखा फोन केला. सासरे म्हणाले, "सगळं ठीक हाय, प्रफुल्लराव." मी वाट बघितली. त्यांनी हवापाण्याचं विचारलं, दीपिकाचं विचारलं, मेहुलभाईंची सुद्धा चौकशी केली. रोपाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

मी उद्याची रजा टाकली आहे. पहाटेच्या पहिल्या गाडीने सफाळ्याला उतरून माकुणसारला जातो. तिघांतलं एक रोप, त्यांच्या रोपाच्या उंचीचं, पिशवीत घेतलं आहे. ते वाडीच्या मागे दात घासायला जातात तेवढ्या वेळात त्यांच्या गेलेल्या रोपाच्या जागी लावून ठेवायचं, आणि चहा पिताना काहीही बोलायचं नाही.